कुत्र्याच्या नावावर

"लांडगा? इथं?" सर्वेच्या साहेबांनी टॅबवरून मान न उचलताच विचारलं. "तुमच्याच रजिस्टरात अकरा वर्षं 'निरंक' लिहिलंय की. अक्षर तुमचंच ना?"

बहिरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर त्याचंच होतं. त्यामुळे राग साहेबांवर होता तेवढाच स्वतःवरही होता.

सिन्नरकडचा हा माळ वनमजूर बहिरूच्या राखणीला होता. बिळाचा पत्ता कागदावर आला की चार दिवसांत कोणीतरी धूर करून पिल्लं मारतं, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. तेव्हापासून तो रोज सकाळी बोरीची फांदी ओढत लांडग्यांची पावलं पुसायचा आणि रजिस्टरात निरंक लिहायचा. मोठा शहाणा! आता साहेबांच्या नकाशात पाच वर्षांनी इथे गोदामं होती, दहा वर्षांनी मोठा रस्ता होता. माळ गेल्यावर कुठलं जनावर कुठे सरकेल तेही त्यात होतं. फक्त लांडगा नव्हता.

"साहेब, चला, बीळ दाखवितो. चार पिल्लं हायेत."

"आज पंचनामा संपवायचाय. गावातला एक जरी पंच 'लांडगा आहे' म्हणाला, तर थांबतो."

पंच म्हणून बोलावलेला कारभारी धनगर बाभळीखाली बसला होता. बहिरू त्याच्याकडे वळला.

"कारभारी, तू पाह्यलाय ना त्याला? सांग की."

कारभारी जागचा हलला नाही. "गेल्या साली माझी मेंढरं फाडली, तव्हा तुझ्या पाया पडलो व्हतो. लांडगा हाय, लांडगाच लिही, म्हनलो. भरपाई भेटली असती. तू काय लिहिलं?"

बहिरूने मान खाली घातली. "कुत्रं."

"मंग कुत्रंच."

"आरं, तुझं डोकं फिरलं का? माळ गेल्यावर मेंढरं कुठं चारशील?"

"तुझा लांडगा जिथं जाईल, तिथं."

त्याने साहेबांकडून पेन घेतलं, एकेक अक्षर जुळवत सावकाश सही केली आणि मेंढरं हाकली. बहिरूच्या तोंडात सणसणीत शिवी आली होती. कोणाला द्यावी, ते त्याला कळेना.