मागणाऱ्यांची यादी

प्रसेनजीतने राउटरमागची तिसरी वायर उपसली आणि स्टुलावरच्या लॅपटॉपकडे पाहिले. पडद्यावर धावणाऱ्या ओळी जागीच थांबल्या. वायर परत खोचली, तशा त्या पुन्हा धावू लागल्या.

"सापडलं, मॅडम. गोंधळ तुमच्याच घरातनं चाललाय."

सरोजिनीबाई हातातला चष्मा पुसत जवळ आल्या. टाकाळा भागातला हा दुमजली बंगला त्यांनी शाळेत शिकवत असताना बांधला होता. यजमान गेल्यावर वरचा मजला त्यांनी राजवीरला भाड्याने दिला. कागलच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, शांत, मदतीला तत्पर माणूस. दोन्ही मजल्यांना राउटर एकच. आठवडाभर टीव्हीवरचे चित्र अडखळत होते. 'माणूस कशाला बोलावताय काकू, मी बघतो की,' असे राजवीर दोनदा म्हणाला होता. आज बाईंनीच परस्पर नेटवाल्याला, प्रसेनजीतला, फोन केला होता.

"कसला गोंधळ?"

"आतल्या खोलीत कॅमेरा हाय न्हवं? त्यो चित्र एकाला न धाडता समद्यांस्नी धाडतोय. भोंगा लावल्यागत. ज्याला नको त्यालाबी. मग टीव्हीला वाट कशी मिळंल?"

कॅमेरा मुलाने, धवलने, पुण्याहून येऊन बसवला होता. बाई पलंगावरून उतरताना पडल्या, त्यानंतर. सेटिंग राजवीरने करून दिले होते.

"आता जो मागंल त्यालाच मिळंल, असं करून ठेवतो."

त्याने बटण दाबले. ओळींचा लोंढा ओसरला, टीव्हीवरचे चित्र लख्ख झाले. लॅपटॉपवर एक छोटी यादी उघडली. चित्र मागणाऱ्यांची. तिच्यात एकच नोंद होती. प्रसेनजीतने ती दोनदा वाचली.

"मॅडम, ह्ये कुणीतरी मागतंय."

"धवल असेल."

"पुण्याचं हितं दिसत न्हाय. ह्ये घरातलंच हाय." त्याने आवाज उतरवला आणि बोट छताकडे केले. "आन् आत्ता, ह्या मिन्टाला मागतंय."

बाईंचा हात नकळत साडीवरून गुडघ्याकडे गेला.

"परवा त्यानं मलम आणून दिलं," त्या हळूच म्हणाल्या. "गुडघा काळानिळा झालाय, हे मी कुणालाच बोलले नव्हते."

प्रसेनजीतचे बोट बटणावर गेले.

"बंद कर ते."

त्याने केले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावले वाजली, अजिबात घाई नसलेली. दारावर टकटक झाली नाही. बाहेरून कुलपात किल्ली फिरली.

"जादा किल्ली त्याच्याकडे असते," बाई पुटपुटल्या आणि पुढे होऊन त्यांनीच दार उघडले.

राजवीर उंबऱ्यात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस.

"काकू, पडला न्हाईसा न्हवं?"

"नाही रे. लाईट गेली होती जरा."

"लाईट हाय की."

बाईंनी हसण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या खांद्यावरून त्याची नजर लॅपटॉपवर गेली. प्रसेनजीतने झाकण मिटले.

"ह्यो पावणा कोण?"

"नेटवाला. वायरी काढल्यात त्यानं. आत्ता होईल चालू."

"मग होऊ दे. मी थांबतो हितंच."

तो दारातच उभा राहिला. चौकटीवर बोटांनी ताल धरला. बाई वळल्या. वर्गात बोलताना लागायचा तसा त्यांचा आवाज स्पष्ट, कोरडा निघाला.

"प्रसेनजीत, आधी होतं तसंच करून दे. काही बदलू नकोस."

त्याने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पापणीही हलवली नाही. त्याने झाकण उघडून, पडदा दारापासून फिरवून, कॅमेरा पुन्हा चालू केला. राजवीरने खिशातला फोन काढून पाहिला, मान डोलावली.

"पडा जरा, काकू. दमल्यागत दिसताय."

"पडतेच आता."

दार लागले. पावले वर गेली. खुर्ची पुन्हा सरकली.

बाईंनी प्रसेनजीतने सहीसाठी आणलेला तक्रारीचा कागद उलटा केला. "चहा ठेवू का रे?" असे आतल्या खोलीतल्या कॅमेऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत त्या भराभर लिहीत होत्या. कागद त्यांनी त्याच्या हातात दिला आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

अक्षर वळणदार होते, ओळ मात्र तिरकी गेली होती.

'मी पलंगावर दिसते तोवर तो वरून हलणार नाही. चौकीवर जा. इथून फोन करू नकोस, आवाज वर जातो.'

आत पलंग करकरला. चादर झटकल्याचा आवाज आला, मग एक खोकला.

प्रसेनजीतने लॅपटॉप तिथेच ठेवला, बूट हातात घेतले. फाटकातून गाडी त्याने सुरू न करताच बाहेर काढली आणि भर दुपारच्या उन्हात, वर न बघता, गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली.