मुंबई पाहून आलेला आंबा

माणसाने घाई खुशाल करावी, पण दुसऱ्याच्या पोटात काठी घालून करू नये. मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. उमरठात साळूबाईच्या अंगणात बसते, आणि माझी तक्रार तिच्या लेकाबद्दल, मुरारीबद्दल आहे.

वरंधच्या पाथरवटाने मला एका अखंड काळ्या दगडातून कोरले. गाडीवर घालून आणताना दोन बैल दमले, मी दमले नाही. वीस वर्षे गुरांना पाणी पाजले. मग एक कोपरा फुटला, पाणी निम्मेच राहू लागले, आणि माझ्या काठावर कोंबड्या बसू लागल्या. कोंबड्यांचे वागणे मी सांगत नाही.

साळूबाईला मात्र माझी आठवण झाली. तिची लेक आवडी मुंबईला नांदत होती. पहिलटकरीण, आणि डोहाळे लागले ते घरच्या झाडाच्या आंब्यांचे. आदल्या वर्षी धाडलेली आंब्यांची पाटी सडून पोचली होती. पोलादपूरपर्यंत डोक्यावरून, तिथून महाडपर्यंत बैलगाडी, मग दासगावची बोट. चार दिवस मोडत. आईने खत धाडले काय, असे आवडीला चाळीतल्या बायकांनी विचारले होते. ते साळूबाईला फार लागले होते.

केळीचा घड कापला की सडू नये म्हणून दांड्याला चुना लावायची तिच्या माहेरची रीत. जे केळीला मानवते ते आंब्याला का नाही, असे म्हणून तिने शिंपल्यांचा भाजका चुना माझ्यातल्या पाण्यात कालवला. तो दुसऱ्या दिवसापर्यंत तळाला बसू द्यायचा आणि वरच्या नितळ निवळीत आंबे बुडवायचे, एवढेच काम.

पण मुरारी सहा महिने मुंबईत राहून आला होता, आणि येताना ‘जल्दी’ हा एकच शब्द कमावून आला होता. पोलादपूरची बैलगाडी गाठायची म्हणून, आई पाण्याला गेलेली पाहून, त्याने काठीने सगळे ढवळले आणि आंबे बुडवले. चुना जास्त तर गुण जास्त, असे त्याला वाटले. वाळल्यावर आंबे पांढरेफटक. शेजारचा हैबती कुडापलीकडून म्हणाला, “मुरारी, आंबं हायत का बुजगावण्याची डोकी रं?”

साळूबाई पाणी घेऊन आली. तिने सगळे आंबे त्यालाच धुवायला लावले, चुना नव्याने कालवला आणि काठी चुलीत घातली. गाडी निघून गेली. मुरारी दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्यापाशी तोंड पाडून बसला. पाणी निवळले तेव्हा ते पडलेले तोंड त्याला माझ्यात स्वच्छ दिसले. मग आंबे बुडाले, सावलीत वाळले, पेंढ्यात बसले आणि मुरारीबरोबर मुंबईला निघाले.

बाराव्या दिवशी मुरारी परतला. पाटीत पेंढा, आणि पेंढ्यात एक आंबा. लेकीने पोटभर खाल्ले होते, चाळीतल्या त्याच बायकांना वाटून दिले होते, आणि एक आईसाठी राखून उलटा धाडला होता. पिवळाधमक, कुठे डाग नाही. मुंबई पाहून आलेला आंबा बघायला अख्खी वाडी लोटली. त्या दिवशी पोरांनी मला काथ्याने घासले आणि कोंबड्या हाकलल्या. मित्रांनो, कोपरा फुटला म्हणून कुणाला अंगणात विसरू नका. पोट शाबूत असते.

साळूबाईने आंबा चिरला आणि पहिली फोड मुरारीच्या हातावर ठेवली.

“खा,” ती म्हणाली. “पर ध्यानात ठेव. आंबा थांबाया हवा तर आदी मानसानं थांबावं लागतं. ह्ये तुला मी नाय शिकवलं, ह्या फुटक्या डोणीनं शिकवलंन. जा, तिच्या पाया पड.”