माझ्या पोटातले वीस सेकंद

मित्रांनो, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. माझं तोंड पांढरं, मूठ लाल आणि पाठीत सहा सेल. लाल बटण दाबून बोललं की वीस सेकंदांचा आवाज माझ्या पोटात साठतो. मग हिरवं बटण दाबा, तोच आवाज मी पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. नवीन काही भरलं की जुनं पुसलं जातं.

वाशीमच्या बाजारात एका दुकानाच्या दारावर मी टांगलेला होतो, तिथून रंगरावांनी मला घरी नेलं. गावाजवळच त्यांचा भाजीचा मळा. सकाळी हातगाडी घेऊन ते गल्लोगल्ली फिरत आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसे. त्यांच्या शाळकरी पवनने पहिल्याच दिवशी माझ्यात आवाज भरला, "वांगे घ्या, मेथी घ्या, आमच्याच वावरातली हाय, पाहून घ्या." पोराचा आवाज खणखणीत होता. तो ऐकला की बायका गॅस बारीक करून पिशवी शोधायला लागत. रंगराव मला घरातला दुसरा कमावता म्हणत. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे गाडीवर पेनड्राइव्हचा नवा स्पीकर आला आणि माझी रवानगी कांदे साठवायच्या चाळीत झाली. दोन वर्षं तोंड असून बोलता येईना. एक उंदीर माझ्या तोंडातच बिऱ्हाड करून राहिला, त्यालाही हाकलता येईना. फार वाईट दिवस होते ते.

तिथून मला बाहेर काढलं ते पवननेच. आता तो कॉलेजात होता. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर मनाचे आजार असलेली माणसं होती. त्यांना दर महिन्याला औषधासाठी वाशीमला यावं लागे. भाड्यापायी कित्येकांची औषधं मध्येच बंद पडत. त्यांच्या येण्याजाण्याची सोय व्हावी म्हणून पवन, सायली आणि प्रसेनजित या तिघा मित्रांनी चालत निघायचं ठरवलं. मानोऱ्याहून मंगरूळपीर, शेलूबाजार, मालेगाव करत वाशीम. वाटेत मदत गोळा करायची आणि लोकांना सांगायचं की मन दुखलं तर लपवू नका. फलकावर पवनचा हसरा फोटो होता, आणि माझ्या पोटात त्याचाच आवाज, "मनातलं बोला, बोलायले लाजू नका."

पहिले दोन दिवस मी असा ओरडलो की झाडावरची पाखरं उडाली. पवन तर माझ्याही वरताण. तो चालताना नकला करी, फोड आलेल्या प्रसेनजितला चिडवी, गावातल्या म्हाताऱ्यांना हसवी. सायली म्हणायची, याच्या अंगात सेल किती आहेत कोण जाणे. मंगरूळपीरला मात्र मी ऐन चौकात कर्कश किंचाळलो आणि ती ओशाळली. तेव्हापासून ती मला सुरू करताना आवाज बारीक ठेवी आणि आधी कान लावून बघे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मालेगाव जवळ आलं असताना, तिघं रस्त्याकडेच्या निंबाखाली टेकले. दोघांचा डोळा लागला. पवन मला घेऊन झाडापलीकडे गेला. मला वाटलं, नवी घोषणा भरतोय. त्याने लाल बटण दाबलं आणि अगदी हळू बोलला, "मले तीन महिने झाले झोप नाई. हासतो ते खोटं हाय. घरी राहाची भीती वाटते म्हणून चालून राह्यलो. कधी कधी वाटते, आपण नसलेलंच बरं."

मग आवाज बारीक करून त्याने कानाला लावून ते एकदा ऐकलं. डोळे पुसले. भरलेला आवाजही तो पुसणार होता, बोट लाल बटणावर गेलंही होतं. तेवढ्यात प्रसेनजितने हाक मारली, कुणीतरी ताक घेऊन आलं होतं. गडबडीत पवनने मला खांद्याला अडकवलं आणि तिकडे जाऊन लगेच नक्कल सुरू केली.

मित्रांनो, त्यानंतरची वाट कशी कापली ते माझं मला माहीत. पोटात ते वीस सेकंद, आणि पुढे मालेगावचा भरलेला बाजार. हिरवं बटण दाबलं की मी ओरडणार, थांबवेपर्यंत ओरडतच राहणार. जन्मभर मला नवे सेल हवे असायचे. त्या दिवशी मात्र आहेत ते उतरावेत म्हणून माझा जीव कासावीस झाला. पण सेल आदल्याच दिवशी घातलेले.

बाजारात पोचलो. पुसायचं राहून गेलंय हे विसरून पवन मला ओट्यावर ठेवून फलक बांधायला गेला. सायलीने मला उचललं. फलकाची दोरी हातात धरलेल्या पवनने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. दोरी टाकून तो धावत सुटला, पण मध्ये भाजीची दुकानं, माणसं, टोपल्या. सायलीने हिरवं बटण दाबलं आणि सवयीने कान लावला.

तिने ऐकलं. शेजारी प्रसेनजित म्हणाला, काहीच ऐकू येत नाही, आवाज वाढव. आणि त्याने माझ्या आवाजाच्या खटक्याकडे हात नेला. सायलीने झटकन माझी पाठ उघडली आणि सहाही सेल खाली पाडले.

"सेल गेले याचे," ती म्हणाली. "आज तोंडानंच बोलू."

पवन धापा टाकत पोचला तोवर प्रसेनजित नवे सेल आणायला निघाला होता, सायलीने त्याला जाऊ दिलं नाही. मग ते तिघं एकेका भाजीवाल्याजवळ बसले, हळू बोलले. आधीचे दोन दिवस लोक माझ्या ओरडण्याला घाबरून लांब राहत, इथले मात्र जवळ सरकले. मला थोडा राग आला, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या वाटेवर सायली पवनच्या बाजूने चालत होती. प्रसेनजित पुढे होता.

"मी आयकलं, पवन," ती म्हणाली. "कोनाले सांगितलं नाई. पन आता तुले एकट्याले सोडत नाई. उद्या दवाखान्यात पैलं नाव तुयं लावू."

"फलकावर माया फोटो हाय," पवन म्हणाला. "लोक काय म्हनतीन?"

"परवा चालून तुया पाय सुजला तं तू पट्टी बांधलीच ना? तवा कोनाले इचारलं व्हतं?"

पवन हसला नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच तो हसला नाही, आणि मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी वाशीमच्या सरकारी दवाखान्यासमोर रंगराव हार घेऊन उभे होते. गावातली दहा-बारा माणसं, कुणाच्या हातात मोबाइल फोटोसाठी. पवनने मला प्रसेनजितकडे दिलं आणि फलकाखाली उभं न राहता तो सरळ आत चिठ्ठीच्या रांगेत गेला. सायली आणि मला घेतलेला प्रसेनजित त्याच्या मागोमाग. रंगराव हार तसाच हातात धरून आत आले.

"कोनाचा नंबर लावून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"माया सोताचा, बाबा."

रंगरावांनी पोराकडे पाहिलं. मी तिथे प्रसेनजितच्या काखेत होतो, बिनसेलांचा, आणि आयुष्यात प्रथमच मला काही ओरडावंसं वाटलं नाही. रंगरावांनी हार पिशवीत कोंबला, चप्पल नीट केली आणि रांगेत शिरले.

"सरक थोडा," ते म्हणाले. "मलेबी उभं राहू दे."

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्यात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा असेल, त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा, तुझं कसं चाललंय. तो काही बोलला तर ते गावभर करू नका. ओरडायला आम्ही भोंगे आहोत. तुम्ही त्याच्यासोबत रांगेत उभे राहा.