शुक्रवारी पाहिलेला पिक्चर

"आई, आता तरी फोन ठेव ना!" सृष्टी पुटपुटली.

मृणालिनीने फोन पर्समध्ये टाकला, चप्पल काढली, पुन्हा घातली. पडद्यावर एक मुलगी आईशी कचाकचा भांडत होती, पण मनातलं काही सांगत नव्हती. क्लिनिकमधल्या सगळ्या जणी म्हणाल्या होत्या, "लेकीला घेऊन जा, रडून मोकळी होशील." म्हणून तिने मुद्दाम शनिवारची तिकिटं काढली. बारावी झाली की सृष्टी कॉलेजसाठी पुण्याला मावशीकडे जाणार, हे ठरलेलंच होतं. पण गेला महिनाभर पोरगी "हं" आणि "ओके" यांपलीकडे जात नव्हती. ही अशीच न बोलता निघून गेली तर? या विचाराने मृणालिनीच्या जिवाला चैन नव्हतं.

पडद्यावरची आई नुसती भांडी घासत होती. तेवढ्यात सृष्टीने मृणालिनीच्या हातात टिश्यू कोंबला.

"कशाला गं?"

"ठेव."

पुढच्याच मिनिटाला त्या आईने मुलीच्या खोलीचं दार उघडलं. खोली रिकामी होती. मृणालिनी घळाघळा रडली, आणि नाक पुसता पुसता तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू पाहिलायस हा पिक्चर?"

"फ्रायडेला. शाळेतल्या झारासोबत."

ते राहायचे शारजात, आणि तिथे शुक्रवारी शाळेला सुट्टी. मृणालिनीचं क्लिनिक दुबईत, ऊद मेथाला. तिथे शुक्रवार कामाचा. एकाच घरात दोन वीकेंड. शुक्रवारी पोरगी अभ्यास करते, हे तिने आपलं धरूनच ठेवलं होतं.

पार्किंगमध्ये गाडीत बसेपर्यंत तिने राग कसाबसा आवरला. किल्ली फिरवली आणि बांध फुटला.

"मग आज कशाला आलीस? मला वेड्यात काढायला?"

"नो! तू बघावंस म्हणून. मला नाही बोलता येत तुझ्याशी. त्या मुलीसारखंच."

"तिला घर सोडून जायचं होतं, बाई. तुला कोण अडवतंय? आम्ही तर घरीच पाठवतोय!"

"घरी?" सृष्टीचा आवाज चिरकला. "पुणं तुझं घर आहे, आई. मी तिथे जुलैत पाहुणी म्हणून जाते. माझं घर इथे, शारजात, अल नहदाला आहे. आय डोन्ट वॉन्ट टू गो. अँड यू नेव्हर आस्क्ड."

खरंच विचारलं नव्हतं. नवऱ्याने, शैलेंद्रने नाही, आणि मृणालिनीनेही नाही. परत जायचं म्हणजे आनंदाचीच गोष्ट, असं दोघांनी मानलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मग काय करायचंय तुला?" तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. त्यांच्या जागेवर टपून बसलेला एक जण गाडीच्या खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "यल्ला, मॅडम, यल्ला! चलो, चलो!"

मृणालिनीने काच खाली केली.

"भाईसाब, दूसरी जगह देख लो. टाइम लगेगा," ती म्हणाली, आणि गाडी बंद करून लेकीकडे वळून बसली.