मामाचा आहेर

लग्नघरी पोहोचायच्या आधीच अकबोपेला फोन आला होता. तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या अकीमसाहेबांचा सहायक बोलत होता. साहेब नवऱ्या मुलाचे सख्खे मामा, तेव्हा बेताशारमध्ये त्यांच्यावर चार गोड ओळी हव्यात, आणि गोडच हव्यात, असं त्यानं दोनदा बजावलं. पुढे हसत हसत हेही सांगितलं की कलाभवनातल्या संगीत शिक्षिकेची, म्हणजे तिचीच, जागा यंदा ठेवायची की नाही, हा कागद साहेबांच्या टेबलावर पडला आहे.

गोड ओळी अकबोपेनं आधीच जुळवून ठेवल्या होत्या. ती काही कालची पोर नव्हती. बावीस वर्षं लग्नात बेताशार गाणारी बाई. डोक्यावरून लाल शेला घेतलेल्या नव्या सुनेला सासरच्या अंगणात उभी करायची, दोन तारांचा दोंब्रा छेडत एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायचं, त्याची थोडी स्तुती, बरीचशी थट्टा करायची. नाव आलं की सुनेनं वाकून सलाम करायचा, ज्याचं नाव आलं त्यानं उठून आहेर बोलायचा, तो बोलला की सुनेनं सरळ व्हायचं. सगळी नावं संपली की दोंब्र्याच्या टोकानं शेला वर करायचा. तोवर सुनेचं तोंड कुणी बघत नाही आणि सून तोंडातून शब्द काढत नाही.

पण अंगणाकडे येताना ती वडिलांच्या सफरचंदांच्या बागेवरून आली, तिथेच तिचं गणित बिघडलं. जूनचा महिना, आणि पानं चिरुटासारखी वळलेली. अकझिदे गावाचा पाट मागच्या वर्षीपासून कोरडा होता. वरच्या अंगाला शहरातल्या कुण्या बड्या माणसानं नवी बाग लावली होती, तिकडे पाणी वळवलं होतं. आणि गावाकडे पाणी सोडणाऱ्या दाराचं लोखंडी चाकच काढून नेलं होतं, म्हणजे कुणी रागाच्या भरातही ते दार उघडू नये. चाक अकीमसाहेबांच्या गाडीच्या डिकीत असतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. गावानं तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. साहेबांना भेटायला जावं तर साहेब मिटिंगमध्ये.

आज मात्र साहेब मिटिंगमध्ये नव्हते. तुरिसबेक अकीम पहिल्या टेबलाच्या मधोमध बसला होता, पुढ्यात तळलेल्या बाउरसाकांचा ढीग आणि घोडीच्या आंबट दुधाचा, कुमिसचा वाडगा, अंगावर करडा सूट. त्याची बहीण कुलझिपा, म्हणजे वरमाय, घटकेघटकेला त्याच्या वाडग्यात भर घालत होती. बिचारी कात्रीत सापडली होती. भाऊ अकीम असल्याचा अभिमान होता, आणि तिचीही कांद्याची वाफ वाळून गेली होती.

अकबोपेनं दोंब्रा छातीशी धरला आणि सुरुवात केली. सून मध्ये उभी, दोन्ही बाजूंनी दोन नणंदांनी कोपर धरलेलं. मुलगी लांबच्या, नदीच्या खालच्या अंगाच्या गावची होती एवढंच माहीत होतं. आजेसासऱ्यांवर ओळी झाल्या, त्यांनी मेंढा बोलला. चुलत्याच्या घोरण्यावर ओळी झाल्या, लोक खो खो हसले, चुलत्यानं गालिचा बोलला. अंगण रंगात आलं. टाळ्यांचा ठेका आपोआप जुळला आणि अकबोपेच्या बोटांना जणू पाय फुटले.

मग मामाचं नाव आलं. सून वाकली. अकबोपेनं ठरवलेल्या चार ओळी गायल्या, गुळगुळीत, लोणी लावलेल्या. गावानं थंड टाळ्या दिल्या. इथवर सारं सुरळीत होतं आणि सुरळीतच राहिलं असतं, पण तुरिसबेकला मोठेपणाचा झटका आला. तो उठला, छातीवर हात ठेवला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या एकुलत्या भाच्याची बायको आहे. मी काय आपल्या मनानं देणार! अकबोपे, तूच माग तिच्या वतीनं. मागशील ते देईन."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

नोकरी, कलाभवनातली बारा मुलं, सहायकाचं ते हसणं, सगळं एका क्षणात अकबोपेच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच क्षणी तिला इतका आनंद झाला की हसू दाबणं कठीण झालं. वर्षभर गाव ज्या दारावर डोकं आपटत होतं, ते दार या माणसानं स्वतःच्या हातानं उघडलं होतं, दीडशे माणसांदेखत. बोटं तिच्या आधी निघाली, गळा मागून आला:

"घोडी नको, मेंढ्या नको, नको गालिचा मऊ,
सून विचारी, मामा, तुमच्या गावचं पाणी कुठलं पिऊ?
पाटाच्या दाराचं चाक तेवढं टाका तिच्या पदरी,
आहेर असा करा की पाणी नांदेल घरोघरी."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

तुरिसबेक मुरलेला गडी होता. तो मोठ्यानं हसला, "वा! थट्टा करावी तर अशी," म्हणाला आणि भाच्याला घोडी बोलला, शिंगरासकट, शेजारच्या तालुक्यात शर्यत जिंकलेली. सहायकानं जोरजोरात टाळ्या पिटल्या. आता सून सरळ झाली की विषय संपला.

सून सरळ झाली नाही.

नणंदांनी कोपराला धरून तिला उचलायचा प्रयत्न केला. ती तशीच वाकलेली, शेल्याची झालर जमिनीला टेकलेली. आधी लोकांना वाटलं, पोर भांबावली. मग लाल शेल्याखालून डोकं हललं, डावीकडे, उजवीकडे. नाही. बावीस वर्षांत कुठल्याही सुनेनं आहेर नाकारल्याचं अकबोपेनं पाहिलं नव्हतं. ती गायली:

"वाकली ती वाकलीच राहिली, उठेना हो सून,
मामा, आणा चाक आधी तुमच्या गाडीमधून!"

दुसऱ्या वेळी ही ओळ तिच्या एकटीची राहिली नाही. आधी मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बायकांनी उचलली, मग ट्रॅक्टरवाल्यांनी, मग चुलीवरची कढई सोडून आलेल्या आचाऱ्यांनी. टेबलांवर मुठी पडू लागल्या, वाडगे नाचू लागले. ज्या गावाच्या तोंडून अर्जात तीन वाक्यं धड निघाली नव्हती, ते गाव आता सुरात आणि तालात मागत होतं. आजेसासरेसुद्धा काठीनं ठेका धरून बसले होते.

तुरिसबेकनं बहिणीकडे पाहिलं. सुटका तिथूनच होणार होती. कुलझिपानं हातातला कुमिसचा जग खाली ठेवला.

"तुरिस," ती म्हणाली, "माझी सून वाकून उभी आहे. तूच मागायला सांगितलंस. द्यायचं तर दे, नाहीतर नाही म्हण. पण इथं, सगळ्यांसमोर म्हण."

बेताशारमध्ये नाही म्हटलेल्या माणसाचं नाव पुढे सात गावांच्या लग्नांत गायलं जातं. अकीमची खुर्ची चार वर्षांची, गाणं मात्र नातवंडांपर्यंत जातं, हे तुरिसबेकला कळत होतं. त्यानं मान न वळवता ड्रायव्हरला खूण केली. डिकी उघडली. निळा रंग दिलेलं ते चाक बाहेर आलं तसा अंगणात असा जल्लोष झाला की बांधलेले घोडे बिथरले. नवऱ्याचे चार मित्र चाक घेऊन मोटरसायकलींवरून वर पळाले. सून सरळ झाली, आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

अकबोपे पुढची नावं घेत राहिली, मावश्या, शेजारी, पण आता कुणाचं लक्ष कुठे! सगळ्यांचे कान कुंपणापलीकडच्या कोरड्या पाटाकडे. पाऊण तास गेला असेल. मग कुठूनसं पोरांचं ओरडणं आलं, आणि पाणी आलं. गढूळ, फेसाळ, पुढे वाळका पाला, सिगारेटची थोटकं आणि कुणाचीतरी जुनी चप्पल लोटत. टेबलं ओस पडली. बायका जरीच्या कपड्यांनिशी पाटात उतरल्या, नवरदेव धावला, नणंदाही सुनेला सोडून पळाल्या. आजेसासऱ्यांनी ओंजळभर गढूळ पाणी तोंडाला फासलं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

अंगणात उरली शेल्याखालची सून, तिच्या शेजारी दोंब्रा घेतलेली अकबोपे, आणि तुरिसबेक. तो सावकाश चालत आला. सुनेच्या अगदी जवळ उभा राहिला. शेल्याखालचं माणूस आणि भिंत त्याच्या लेखी सारखीच असावी.

"सोमवारी ऑफिसात ये," तो हळू आवाजात अकबोपेला म्हणाला. "संगीताच्या खोलीची किल्ली आण सोबत. दुसरी बाई ठरली आहे."

अकबोपेनं मान हलवली. हे येणार हे तिला ओळ सुटली तेव्हाच ठाऊक होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण कानात पाणी वाजत होतं आणि छातीत अजून दोंब्रा.

"किती वाजता, मामा?"

आवाज शेल्याखालून आला होता. स्वच्छ, खणखणीत. अजून शेला वर झाला नव्हता आणि सून बोलत होती.

"नाही म्हणजे, मीही येणार आहे त्यांच्याबरोबर," सून म्हणाली. "सासूबाईंनाही विचारते. आत्ता पाटात उतरल्यात त्या सगळ्यांनाच विचारते. वेळ तेवढी सांगा, नाहीतर तुम्ही मिटिंगमध्ये असायचात."

अकबोपेला आता हसू आवरेना. तिनं दोंब्र्याचं टोक लाल झालरीखाली घातलं आणि पाटाकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा गळा मोकळा करून हाक घातली, "अरे या, लवकर या सगळे, सुनेचं तोंड बघायला या!"