त्याच्या मनातलं

संजीवनी बारामतीच्या कॉलेजात अकरावीला होती. सांगवीहून रोज एसटीनं यायची. शाहीन मॅडमनी मराठीच्या तासाला तृतीयपुरुषी निवेदन शिकवलं आणि सांगितलं, "एक पान लिहून आणा. 'मी' नको. 'तो' नाहीतर 'ती'."

संजीवनीनं लिहिलं. ती स्टँडवरून कॉलेजकडं निघते. काळी मोटारसायकल मागं येते. ती थांबली की मोटारसायकलही थांबते. तिचे हात गार पडतात.

'ती' होती म्हणून लिहिता तरी आलं. घरी महिनाभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. कॉलेज बंद करतील, ही वेगळी धास्ती.

मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. "छान लिहिलंयस. पण असा निवेदक कुणाच्याही मनात शिरू शकतो. त्या माणसाच्या मनात काय चाललंय, तेही लिही."

संजीवनीनं विचारलं, "ते मला कसं कळंल?"

"गोष्ट तुझी आहे. ठरव काहीतरी."

"न्हाई ठरवता येत, मॅडम. त्यो काय करणार हाय, ह्याच भ्यानं झोप लागत न्हाई मला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हा माणूस खरा आहे?"

संजीवनी रडायलाच लागली.

मॅडमनी तिच्या आईला, बनाबाईंना, फोन केला आणि कॉलेज सुटल्यावर संजीवनीसोबत स्टँडवर गेल्या. तो रसवंतीपाशी उभा होता. संजीवनीनं मॅडमचा हात धरला. मॅडमनी गाडीच्या नंबराचा फोटो काढला, तसा तो जवळ आला.

"फोटो कशाला?"

"पोलिसांना द्यायला."

तो हसला. मग संजीवनीकडं बघून म्हणाला, "बनाबाईची ना तू?"

आईचं नावही त्याला ठाऊक होतं. मॅडमचा हात तिनं पोलीस ठाण्यापर्यंत सोडला नाही.

तिथल्या पोलीसबाईंनी कागद पुढं सरकवला. "मी, असं लिही. पुढं पूर्ण नाव."

'मी' लिहून तिचा हात अडला. तेवढ्यात बनाबाई धापा टाकत आल्या. आता घरीच बसवणार, असं तिला वाटलं.

"कवापासनं?" आईनं विचारलं.

"म्हैना झाला."

बनाबाई शेजारी टेकल्या. "लिही तू. उद्यापासनं मी येती बरुबर."

तिसऱ्या दिवशी त्याला पकडलं. का मागं यायचा, ते त्यानं सांगितलं नाही. पंधरा दिवस आई एसटीत तिच्या शेजारी बसून आली. सोळाव्या दिवशी संजीवनी एकटी निघाली, ड्रायव्हरच्या मागची सीट धरून, दप्तर छातीशी घट्ट आवळून.