मंजूर भार

सासऱ्यांनी चहा पितापिताच फर्मान सोडलं. "ती शिलाई मशीन विकून टाक. मोटर बसवल्यापासून विजेचं बिल गगनाला भिडलंय."

सुनेची गिऱ्हाईकं आत्ता कुठे जमू लागली होती आणि घरखर्चाला तिचा मोठा हातभार लागत होता. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "आधी चोर तर सापडू द्या, बाबा," ती म्हणाली. "मशीनच निघाली तर मीच उचलून देईन."

मग सूनबाईंनी मीटरसमोर स्टूल टाकून ठाणच मांडलं. जितकी वीज ओढली जाईल तितका मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याने हुकमाबरहुकूम उशीच्या अभ्र्यावर वेड्यावाकड्या टिपा मारल्या. दिवा आपला सुस्त. इस्त्री लावली मात्र, आणि दिवा पिसाळला. इस्त्री लागायची सासऱ्यांच्याच सदऱ्यांना, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. तिच्याकडे फ्रिज, गिझर, सगळा सरंजाम. सुनेने तिचं बिल आणून आपल्या बिलाशेजारी पसरलं. नणंदेचे युनिट जास्त आणि पैसे कमी!

"अगं, हे कसं काय?" नणंदही फरशीवर फतकल मारून बसली. दोघी बिलांची एकेक ओळ ताडून बघत खाली सरकल्या आणि 'स्थिर आकार' या ओळीपाशी अडल्या. नणंदेचा चिमूटभर, यांचा मात्र भलामोठा.

वीज कार्यालयातल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "तुमचा मंजूर भार मोठा आहे. घरात एखादं मोठं यंत्र असेल. ते चालवा नाहीतर झाकून ठेवा, त्या भारावर स्थिर आकार लागणारच. त्याचे दर हल्लीच वाढलेत. शिलाईच्या मोटरीचा काही संबंध नाही."

मोठं यंत्र म्हणजे सासऱ्यांची विजेवरची करवत. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तोच हात थरथरू लागला, तेव्हापासून ती मागच्या खोलीत ताडपत्रीखाली होती. ताडपत्री ते रोज झटकायचे. सुनेला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण घरी येताना तिचा पाय उचलेना. भार कमी करायच्या अर्जावर सही त्यांची हवी होती, आणि मग करवत पुन्हा चालणार नव्हती.

"बंद आहे ना ती?" सासरे चक्रावले. "बंद वस्तू कसले पैसे खाते?"

"तिच्यासाठी वीज राखून ठेवलीय, बाबा. भार कमी करायचा अर्ज आणलाय, पण राहू द्या हवं तर. मी शिवेन चार कपडे जास्त."

"माझ्या आशेवर तू पैसे भरायचेस, आणि वर मी तुझ्याच मशीनला चोर म्हणायचं," ते म्हणाले. "सही करतो. पण उद्या."

सकाळी करवतीच्या आवाजाने घर हादरलं. मागच्या खोलीत भुशाचा धुरळा उडाला होता. फळी नवऱ्याने घट्ट धरली होती आणि सासरे डोळे बारीक करून ती पुढे सरकवत होते. यंत्र थांबलं, तशी त्यांनी फळी उचलली आणि शिलाईच्या टेबलाला जोडून लावून पाहिली.

"कापड सारखं खाली घसरतं तुझं. बघतो ना मी," ते म्हणाले. "आण तो अर्ज."

सही थरथरत, वेडीवाकडी उमटली. फळीची कड मात्र दोरी लावल्यासारखी सरळ होती.